बाजरीतले काळे खडे

आम्ही बचतगटाच्या बायका बाजरीचं पीठ दळून विकतो, म्हणून आज बाजरीवरच बोलू.

बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिलं आणि पावसाची झिमझिम लागली, की कणसावर मधासारखे गुलाबीसर चिकट थेंब दिसतात. तो अरगट. ही एक बुरशी आहे. पुढे दाण्याच्या जागी काळपट, कडक खडा धरतो. मळणीत तो धान्यात मिसळतो. त्याचे तुकडे झाले, तर चाळूनही निघत नाहीत.

या खड्यात बुरशीने तयार केलेली विषारी रसायनं असतात. पोटात गेली की मळमळ, उलट्या, चक्कर आणि मग नुसती गुंगी. 1975 साली राजस्थानातल्या गावांत अशी बाजरी खाऊन माणसं आजारी पडली होती. भाकरी खरपूस भाजली म्हणजे विष गेलं, असं समजू नका.

युरोपात राय नावाच्या धान्यावर याच बुरशीची बहीण वाढते. तिच्यामुळे पूर्वी लोकांचे हातपाय काळे पडून झडायचे. आणि तिथल्या सुइणी कळा याव्यात म्हणून बाळंतिणीला तीच बुरशी द्यायच्या! मात्रा जास्त झाली की जीवावर बेतायचं. 1935 मध्ये तिच्यातून अर्गोमेट्रिन हे औषध वेगळं काढलं. त्याच जातीचं इंजेक्शन बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला दवाखान्यात आजही वापरतात, तेही रक्तदाब वाढलेल्या बाईला देत नाहीत. आपल्या बाजरीवरच्या खड्यातली रसायनं निराळी आहेत. त्यांचं औषध करायला कुणी जाऊ नका.

मग करायचं काय? 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवा. त्यात बाजरी थोडी थोडी सोडून ढवळा. खडे आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाका. खालची बाजरी चांगल्या पाण्याने दोनतीनदा धुवा आणि वाळवा. पेरायच्या बियाण्यालाही हेच करा, फक्त ते सावलीत वाळवा.

काढलेले खडे कोंबड्यांना, गुरांना घालू नका. खोल पुरा. पोत्यात काळे खडे दिसले तर स्वस्त मिळतंय म्हणून आम्ही ते घेत नाही. यावर गटात वाद होतात, कारण पोत्यामागे पैसे सुटतात. पण आपलं पीठ गरोदर सुनांच्या ताटातही जातं.