वार्तेला पंख कशानें फुटतात?

(महोत्सवाच्या सांगता-सभेंत केलेलें भाषण)



पापनिवेदनाच्या वेळीं आपण सांगतां आणि मी ऐकतों. आज या आनंदाच्या दिवशीं मला एक कबुली द्यावयाची आहे, ती आपण ऐकावी.

२०२३ सालच्या मार्च महिन्यांत एक छायाचित्र जगभर फिरलें. त्या वेळचे पोप फ्रान्सिस पांढरा शुभ्र, गादीसारखा फुगीर कोट घालून चालले आहेत, असें त्यांत दिसत होतें. तें पाहून मला मौज वाटली आणि मीं तें लागलेंच आपल्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटांत पाठविलें. पुढें कळलें कीं, तें चित्र कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून तयार करविलेलें होतें. तेव्हां मीं गटांत खुलासा केला. चित्र घरोघर पोंचलें होतें. खुलासा मात्र कोणीं पुढें पाठविला नाहीं. असें कां व्हावें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

वार्ता कर्णोपकर्णी होणें हें कांहीं नवें नाहीं. ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि नारायणराव पेशव्यांचा घात झाला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्या काळीं चिठ्ठी न्यावयास माणूस लागे. आतां एक बोट पुरतें. पण तें बोट हलतें कशानें?

जोना बर्गर व कॅथरिन मिल्कमन या दोघां अमेरिकन अभ्यासकांनीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राचे सुमारें ७,००० लेख तपासून २०१२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जो लेख वाचून मनुष्य विस्मयानें भारावतो, संतापतो किंवा धास्तावतो, तो लेख तो अधिक प्रमाणांत दुसऱ्यांस पाठवितो. ज्यानें मन नुसतें खिन्न होतें, तो लेख बहुधा जागच्या जागीं राहतो. म्हणजे मन खवळलें कीं हात चालतो.

२०१८ सालीं अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठांतील तिघां संशोधकांनीं ट्विटरवरील खऱ्याखोट्या वार्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खरी वार्ता १,५०० लोकांपर्यंत पोंचावयास खोट्या वार्तेच्या सुमारें सहापट वेळ लागे, असें त्यांना आढळलें. दोष यंत्रांचा म्हणावा, तर यंत्रें खरें-खोटें सारख्याच वेगानें पसरवीत होतीं. असत्याला अधिक पंख दिले ते माणसांनीं. कारण खोटी वार्ता अधिक नवलाची असते.

याचें मोल काय पडतें, तें आपल्या महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पांच जण आले होते. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. संशयावरून जमावानें त्या पांचही निरपराध माणसांस ठार मारिलें. ती अफवा पुढें पाठविणारे सर्वच दुष्ट होते काय? कित्येकांच्या मनांत आपल्या लेकरांची काळजीच असेल. बंधुभगिनींनो, मला भय वाटतें तें याचेंच. संत याकोबानें आपल्या पत्रांत जिभेला अग्नीची उपमा दिली आहे. आज ती ठिणगी आपल्या बोटाच्या टोंकावर आहे.

चांगल्या गोष्टीलाहि पंख फुटतात, हेंहि सांगितलें पाहिजे. २०१४ सालीं डोक्यावर बर्फाचें पाणी ओतून घेऊन मित्रांस तसेंच करावयाचें आव्हान देण्याची लाट आली. तिच्यायोगें मज्जातंतूंच्या एका दुर्धर रोगासाठीं एका अमेरिकन संस्थेस साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. कृति सोपी होती आणि चारचौघांत नांव घेतल्यावर नाहीं म्हणणें कठीण होतें.

मग उपाय काय? राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें पाठवितां यावा, अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्यें, फार फिरलेल्या संदेशासाठीं ती मर्यादा एकावर आणिली. तेव्हां अशा संदेशांची पाठवणी ७० टक्क्यांनीं घटली, असें कंपनीनें सांगितलें. एवढासा अडसर, पण त्यानें हात थांबला. असा अडसर आपण आपल्या मनालाहि घालूं शकतों. कोणताहि संदेश पुढें पाठविण्यापूर्वीं एक ‘नमो मरिये’ म्हणावें. तेवढ्या वेळांत राग ओसरतो, भीति निवळते, आणि हें खरें आहे काय, असा प्रश्न मनांत उभा राहतो. त्या चित्राच्या दिवसापासून मी स्वतः असें करितों, आणि पुष्कळ संदेश माझ्यापाशींच संपतात.

या स्मरणिकेंत ज्या पूर्वजांचीं नांवें आहेत, त्यांच्या सेवेची वार्ता जगभर फिरली नाहीं. एकानें दुसऱ्यास डोळ्यांस डोळा भिडवून सांगितलें, सांगितल्याप्रमाणें तो वागला, आणि त्यांतून हें धर्मग्राम उभें राहिलें. आपल्या शब्दावर तोच विश्वास पुढील पिढीस ठेवतां यावा, हीच या महोत्सवाच्या दिवशीं परमेश्वरचरणीं प्रार्थना.