गाडी किती डिझेल खाते? हिशेब आपल्या वहीत हवा

(ढाणकी येथील बैठकीत केलेले भाषण)



भाव, कर्ज आणि वीज हे आपले नेहमीचे विषय आहेत आणि ते सुटणारही नाहीत. पण आज आम्ही अगदी साध्या प्रश्नावर बोलणार आहोत. तुमच्या दारात उभी असलेली डिझेलची गाडी एका लिटरात किती किलोमीटर जाते?

विचारलं की उत्तर लगेच येतं. कोणी म्हणतो अठराचा ॲव्हरेज आहे, कोणी म्हणतो बाराचा. कशावरून, असं विचारलं की मग कळतं. विकणाऱ्यानं सांगितलं, ड्रायव्हर म्हणतो, मीटरवर दिसतं. माझ्या वहीत लिहिलंय, असं सांगणारा विरळा.

आपण उत्पादन खर्चावर आधारित भाव मागतो. खर्च किती, असं कोणी उलटून विचारलं तर बियाण्याची, खताची पावती दाखवतो. वेचणीची मजुरी तोंडपाठ असते. डिझेलचं मात्र 'जातात महिन्याला पाच-सात हजार' एवढ्यावर भागतं. ज्या खर्चाचा आकडा आपल्यालाच सांगता येत नाही, तो दुसरा कोण धरणार?

आणि ढाणकीसारख्या गावाला गाडी ही काही चैन नाही. आपण पडलो जिल्ह्याच्या टोकाला. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब. तहसीलचं काम उमरखेडला. घरात कोणी आजारी पडलं, स्प्रिंकलरचा पार्ट मोडला, बाजार समितीत भाव विचारायचा आहे, गाडी काढावीच लागते.

डिझेलचा भाव एकट्यादुकट्याच्या हातात नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलच्या भावावरचं नियंत्रण काढलं. १६ जून २०१७ पासून देशभर पंपावरचा भाव रोजच्या रोज ठरवायची पद्धत आली. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला, पण डिझेल त्याच्या बाहेर ठेवलं. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं आणि राज्याचा व्हॅट वेगळा. ही भावाची लढाई एकत्र लढायची आहे. पण किती लिटर जाळायचे ही लढाई ज्याची त्यानं आपल्या दारात लढायची असते, आणि तिची सुरुवात मोजण्यापासून होते.

मोजायचं कसं?

टाकी फुल करायची. मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं. गाडी नेहमीसारखी चालवायची. पुन्हा टाकी फुल करायची. मधे किती किलोमीटर झाले त्याला एकूण लिटरनं भागायचं. एवढंच गणित आहे. चूक होते ती टाकी फुल करताना.

दोन्ही वेळा पंप एकच असू द्या, नोझल एकच असू द्या, गाडी त्याच जागी सपाट उभी करा. डिझेलला फेस फार येतो. भरणाऱ्याला सांगा, हळू भर, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांब. पैसे राउंड करायला वरून आणखी टाकू देऊ नका. एकदा तोंडापर्यंत आणि एकदा फेसापर्यंत भरलं की अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. तुम्ही दहा लिटरवर हिशेब केला असेल तर अर्धा लिटर म्हणजे पाच टक्के चूक. नव्वद लिटरवर केला तर तोच अर्धा लिटर म्हणजे अर्धा टक्का. म्हणून एका टाकीवर निकाल देऊ नका.

तुम्ही म्हणाल, दर वेळी टाकी फुल करायला पैसा कुठं आहे? आपण तर पाचशेचं टाकतो, हजाराचं टाकतो. हरकत नाही. टाकी फक्त दोनदाच फुल करायची आहे, सुरुवातीला आणि शेवटी. मधे पाचशेचं टाका नाही तर दोनशेचं, प्रत्येक वेळचे लिटर मात्र लिहा. रुपये लिहून भागत नाही, कारण भाव बदलतो. आणि पावती खिशात ठेवून विसरू नका. ते छापील कागद महिन्या-दोन महिन्यांत पांढरे पडतात. आकडा त्याच दिवशी वहीत उतरवा.

नव्या गाड्यांत समोरच्या काचेखाली ॲव्हरेजचा आकडा दिसतो. तो गाडीच्या कॉम्प्युटरनं काढलेला अंदाज असतो. रस्ता बदलला, वेग बदलला तर काय फरक पडतो हे बघायला तो कामाचा आहे. पण वहीत तो लिहू नका.

किलोमीटर खरे, लिटर खरे?

गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं. टायर झिजलं की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात आणि मीटर किलोमीटर जास्त दाखवतं. फरक दोन टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. कंपनीपेक्षा मोठं टायर बसवलं असेल तर उलटं होतं. उमरखेडवरून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर महामार्गावर किलोमीटरच्या दगडांशी एकदा मीटर ताडून पाहा, नाही तर मोबाईलवर ताडून पाहा.

लिटरचंही तसंच. पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवावंच लागतं. शंका आली तर त्यात मोजून दाखवा, असं म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून जास्त असेल तर वैधमापन शास्त्र खात्याकडे तक्रार करता येते. भरण्याआधी शून्य बघायचं हे तर झालंच. पहाटे डिझेल भरलं की जास्त मिळतं, असं पुष्कळ लोक सांगतात. डिझेल उन्हानं फुगतं हे खरं आहे. पण पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते, तिथं सकाळ-दुपारचा फरक नगण्य असतो. त्यासाठी झोपमोड करू नका.

जाहिरातीतला आकडा

गाडी घेताना कागदावर छापलेला ॲव्हरेज आणि आपल्याला मिळणारा ॲव्हरेज यांत फरक का पडतो? कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत काढतात. पुण्याची 'एआरएआय' ही वाहनांची तपासणी करणारी संस्था १९६६ साली स्थापन झाली. अशा तपासणीत गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद ठेवतात आणि ठरलेल्या वेगानं ठरलेला वेळ चालवतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा योग्य आहे. पण त्या रोलरवर खड्डे नसतात, पावसाळ्यातला चिखल नसतो, मागं सहा माणसं आणि खताची पोती नसतात. तो गाडीचा आकडा आहे, तुमच्या रस्त्याचा नाही.

खरी बचत कुठं आहे?

आता एक हिशेब करू. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा आणि सोपं जावं म्हणून डिझेल १०० रुपये लिटर धरा. एकाची जुनी जीप दहाचा ॲव्हरेज देते. तिला वर्षाला १,२०० लिटर लागतात. दुरुस्ती करून ती बारावर आणली तर १,००० लिटर लागतील. वाचले २०० लिटर, म्हणजे २०,००० रुपये. दुसऱ्याची कार वीस देते. तिला ६०० लिटर लागतात. ती बावीसवर नेली तर साधारण ५४५ लागतील. वाचले ५५ लिटर, म्हणजे ५,५०० रुपये.

दोघांनीही ॲव्हरेज दोननंच वाढवला. पण जीपवाल्याचे पैसे जवळजवळ चौपट वाचले. म्हणून नव्या गाडीवाल्यानं एका-एका किलोमीटरसाठी जीव काढण्यापेक्षा जुनी, काळा धूर सोडणारी गाडी आधी हातात घ्यावी. शंभर किलोमीटरला किती लिटर लागले, असा आकडा लिहिलात तर हे आपोआप दिसतं. जीप दहावरून आठ लिटर तीनशे तीस मिलिलिटरवर येते, कार पाचवरून साडेचारवर.

सुधारणा कशा?

पहिली गोष्ट हवेची. महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना हवा तपासा. दाब दहा पौंडांनी कमी असेल तर डिझेल सुमारे दोन टक्के जास्त जातं, टायर झिजतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट एअर फिल्टरची. आपला रस्ता धुळीचा. जुन्या डिझेल इंजिनात पायाखालचं पॅडल फक्त डिझेल वाढवतं, हवा जेवढी मिळेल तेवढीच. फिल्टर गच्च झाला की हवा कमी, डिझेल तेवढंच. ते पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळा धूर बाहेर पडतो. तो धूर म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेलं डिझेल आहे. फिल्टर बदलूनही धूर गेला नाही तर नोझल आणि पंप तपासून घ्या. धूर निळा असेल तर इंजिन ऑईल जळतंय, दुखणं वेगळं आहे.

तिसरी गोष्ट ब्रेकची. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन पाहा. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतोय. इंजिन ओढतंय आणि ब्रेक अडवतोय, दोन्ही तुमच्या पैशानं.

चौथी गोष्ट वेगाची. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. साठवरून नव्वदवर गेलात तर वेग दीडपट होतो, हवेचा अडथळा सव्वादोनपट. महामार्गावर थोडा वेग कमी ठेवणं ही बिनपैशाची दुरुस्ती आहे. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा, तेही हवा अडवतं.

पाचवी गोष्ट उभ्या गाडीची. बाजारात गाडी चालू ठेवून गप्पा मारायची सवय आहे. चालू इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पितं. आणि घरापासून चौकापर्यंत गाडी न्यायची सवय सोडा. थंड इंजिन सगळ्यात जास्त खातं.

उतारावर न्यूट्रल करू नका, हे कळकळीनं सांगतो. गाडी गिअरमध्ये ठेवून पॅडल सोडलं तर उतारावर पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. इंजिन बंद केलं तर ब्रेकची मदत जाते, स्टिअरिंग जड होतं. चार रुपयांसाठी घर उघड्यावर पडायचं.

डिझेलच्या नळीला लावायचं लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, असं काही विकायला येतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अशी कितीतरी साधनं तपासली आणि बहुतेकांचा काही उपयोग दिसला नाही. रॉकेल मिसळायचा जुना उद्योगही करू नका. डिझेलचा वंगणाचा गुण रॉकेलात नसतो, पंप झिजतो, आणि पंपाच्या दुरुस्तीत वर्षाची बचत जाते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी जाळी असते. ती तापली की काजळी जळून साफ होते. गाडी नुसती गावात फिरवली तर ती साफ होत नाही, चोंदते आणि डिझेल जास्त जातं. अशी गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानं चालवावी, आणि ऑईल कंपनीनं सांगितलेल्याच जातीचं टाकावं. ज्याचं फिरणं फक्त गावापुरतं आहे त्यानं नवी डिझेल गाडी घ्यावी का, याचा आधी विचार करावा.

यातली एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी तीन टाक्यांचा आकडा, मग एक बदल, मग पुन्हा तीन टाक्या. चार गोष्टी एकदम केल्या तर कोणत्या खर्चानं फायदा झाला हे कळत नाही. उन्हाळ्याचा आकडा पावसाळ्याच्या आकड्याशी लावू नका, रस्ता तोच राहत नाही.

वहीचे दोन रकाने

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गाडी एकच असते, पण ती शेतासाठीही जाते आणि लग्नालाही जाते. वहीत दोन रकाने करा, एक शेतीचा आणि एक घरचा. प्रत्येक फेरीचे किलोमीटर ज्या त्या रकान्यात लिहा. लबाडी करू नका, लग्नाची फेरी शेतीत घालू नका. वही खरी असेल तरच ती कोणापुढं टाकता येते.

धरून चला, शेतीच्या रकान्यात वर्षाला २,००० किलोमीटर आले आणि गाडीचा ॲव्हरेज दहाचा आहे. २०० लिटर झाले, २०,००० रुपये झाले. सगळा माल मिळून शंभर क्विंटल पिकला असेल तर क्विंटलमागे २०० रुपये नुसत्या ये-जा करण्यात गेले. हे २०० रुपये आजपर्यंत कुठं होते? खिशातून जात होते, पण हिशेबात नव्हते. कारभारणीनं विचारलं, पैसा जातो कुठं, तर आपल्याजवळ उत्तर नव्हतं.

वही लिहायचं काम घरातल्या शिकणाऱ्या पोरीला किंवा पोराला द्या. तारीख, रीडिंग, लिटर, रुपये, फेरी कशाची, हे पाच आकडे एका ओळीत बसतात. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या. दहा घरच्या दहा वह्या समोर असल्या की ढाणकीच्या रस्त्यावर कोणती गाडी किती खाते, हे कोणाला विचारावं लागणार नाही. मग खर्चाचा आकडा मागितला तर आपण अंदाज सांगणार नाही, वही उघडू.