जळणाची मोळी आणि कायद्याचा कागद



दुष्काळांत आपण धान्याचा विचार करतों. तें शिजविण्याच्या जळणाचा सहसा करीत नाहीं. केळापूर, झरी जामणी, मारेगांव ह्या तालुक्यांतील कोलामांच्या पोडांवर पीक बुडालें म्हणजे मोहफुलें, डिंक, तेंदूपानें व डोईवरची मोळी एवढाच आधार उरतो. वाटेंत कोणीं परवाना मागितला तर त्या बाईनें काय दाखवावें?

हा प्रश्न ह्या जिल्ह्यास नवा नाहीं. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदच्या राखीव जंगलांत गवत कापून कायदेभंग केला व तुरुंगवास पत्करला. ते आमच्याच व्यवसायांतले, म्हणून आम्हां वकिलांस अभिमान वाटतो. पण अभिमानानें मोळी सुटत नाहीं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. काटक्या, बांबू, मध, लाख त्यांत येतात. इमारती लांकूड येत नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें वाहतुकीचा पासही ग्रामसभेच्या समितीनेंच द्यावयाचा आहे. मात्र दावा लेखी हवा, आणि पुरावे एकाहून अधिक. त्यांत निस्तारपत्रकाप्रमाणेंच दावेदाराखेरीज अन्य वृद्धाची लिहून घेतलेली जबानीही चालते. ग्रामसभेचा निर्णय विरुद्ध गेल्यास साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागतां येते; ही मुदतच बहुधा चुकते.

समितीस द्रव्य हवेंच आहे. त्याहून निकड आहे ती जबान्या लिहून घेणाऱ्यांची. कोलामी जाणणारा मिळाल्यास फारच उत्तम. ज्यांस आठ दिवस देतां येतील त्यांनीं आपलें नांव आजच चिटणिसांकडे नोंदवावें.