पंचाविना खेळातला सर्वोत्तम खेळाडू

अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपरच्या कॉलेजांमधून अल्टिमेट फ्रिस्बी या चकतीच्या सांघिक खेळाचा सर्वोत्तम खेळाडू निवडायचा झाला, तर काय पाहावं? अमेरिकेत १९९६ पासून कॉलेजच्या खेळाडूंसाठी कॅलाहन पुरस्कार आहे. तो खेळाडूंच्याच मतांनी ठरतो आणि त्यात कौशल्याबरोबर खिलाडूवृत्तीही पाहिली जाते. यावर आक्षेप असा, की सर्वोत्तम म्हणजे खेळात सर्वोत्तम. सज्जनपणासाठी वेगळं बक्षीस ठेवा. आपल्याकडचं उदाहरणही त्याच बाजूचं वाटतं. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवरच्या क्रिकेट कसोटीत भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलर यांना परत बोलावलं. टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली, भारत दहा गडी राखून हरला. सामनावीर ठरले शतक आणि तेरा बळी नोंदवणारे बोथम, आणि ते योग्यच होतं.

पण तिथे पंच होते. अल्टिमेटमध्ये साधारणपणे पंच नसतोच. धक्का लागला, चकती रेषेबाहेर पडली, तर निर्णय खेळाडूंनीच द्यायचा, तोही धापा टाकत, गुण हातचा जात असताना. त्यासाठी नियम पाठ लागतात, नजर आणि डोकं शांत लागतं. हे कौशल्यच आहे. लोकप्रियतेला मतं पडतील, ही भीती मात्र खरी. म्हणून खिलाडूवृत्तीला जादा गुण देऊ नयेत. ती पात्रतेची अट असावी. खोटे फाउल मागणाऱ्याचं नाव यादीतच नको. उरलेल्यांत ज्याचा खेळ सरस, पुरस्कार त्याचा.