कामावर लागण झाली, भरपाई कोणाकडे मागायची?

परांचीवरून गवंडी पडला, तर दहा जण बघतात. मुकादम धावत येतो, रिक्षा बोलावली जाते, पोलिसांत नोंद होते. पण नर्सिंग होममध्ये कचरा उचलणाऱ्या मावशींच्या बोटात पिशवीतली सुई घुसली तर? नळाखाली बोट धरायचं आणि रक्त थांबलं की पुढची खोली पुसायला घ्यायची. तीन-चार महिन्यांनी कावीळ निघते, तपासणीत हिपॅटायटिस बी आहे असं कळतं. तोवर ती सुई कुणाला आठवते?

श्रोतेहो, कामावर झालेली लागण अपघात मानायची की आजार, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमधलं किडरमिन्स्टर हे गाव गालिच्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या ब्रिंटन्स कंपनीत लोकर निवडणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्यात लोकरीतून अँथ्रॅक्सचा, म्हणजे आपल्याकडच्या काळपुळीचा, जंतू गेला आणि तो दगावला. कंपनीचं म्हणणं असं, की कायद्यात भरपाई आहे ती अपघाताची. हा तर आजार. 1905 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं ते फेटाळलं. जंतू नेमका डोळ्यात जाऊन बसला, हाच अपघात, असा निकाल बहुमतानं लागला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कायद्याला सहा व्यवसायजन्य रोगांची यादी जोडली गेली आणि अँथ्रॅक्स त्यात होता.

भारतात कामगार भरपाईचा कायदा 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. त्यालाही अशी यादी होती, तिसरं परिशिष्ट. त्याच्या ‘अ’ भागात आज संसर्गजन्य रोग आहेत आणि ते कोणत्या कामांत ग्राह्य धरायचे तेही लिहिलेलं आहे: आरोग्यसेवा आणि प्रयोगशाळा, जनावरांचे दवाखाने, जनावरं, त्यांचे मृतदेह किंवा त्यांच्यापासून दूषित झालेला माल हाताळणं, आणि संसर्गाचा विशेष धोका असलेलं इतर काम. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण रोगांची यादी संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात कायम आहे.

या यादीत खरी मेख आहे ती पुराव्याच्या ओझ्याची. यादीतल्या कामावरच्या माणसाला यादीतला रोग झाला, की तो कामावर झालेला अपघातच मानला जातो. तसं नव्हतं, हे सिद्ध करायचं ते मालकानं. यादीबाहेरच्या रोगासाठी मात्र गाडं उलटं फिरतं: आजार कामावरच्या एका विशिष्ट अपघातामुळेच झाला, हे कामगारानं दाखवायचं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो बहुतेक कामगारांच्या गावीही नसतो. मालकांच्या वकिलांना मात्र तो पाठ असतो.

वाद रंगतो तो ‘विशेष धोका असलेलं इतर काम’ या मोघम शब्दांवर. मुंबईचं उदाहरण घ्या. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या लघवीतून जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून माणसाच्या अंगात शिरतो. गमबूट न घालता ड्रेनेजमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगाराचा धोका विशेष आहे, हे कुणीही मान्य करील. पण त्या दिवसांत कमरेएवढ्या पाण्यातून तर अख्खी मुंबईच चालत गेली होती! ‘तुला लेप्टो गटारातच झाला कशावरून, घरी जाताना झाला नसेल कशावरून?’ हा प्रश्न इथूनच निघतो. लक्षणं साधारण पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. म्हणून त्या दोन आठवड्यांत माणूस कुठल्या कामावर होता, हे सांगणारा हजेरीपट इथं डॉक्टरी रिपोर्टाइतकाच मोलाचा. आणि कंत्राटी कामगाराचं नाव नेमकं तिथंच नसतं. कायद्यानं ही पळवाट बुजवायचा प्रयत्न केला आहे: ठेकेदारानं पैसे दिले नाहीत तरी मूळ मालकाकडे भरपाई मागता येते आणि तो ती ठेकेदाराकडून वसूल करू शकतो.

कोविडनं हाच प्रश्न डॉक्टरांच्या दारात आणून ठेवला. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाख रुपयांचं विमा संरक्षण जाहीर केलं. ती भरपाई नव्हे, विमा होता. भांडण मात्र तेच, माणूस ‘कामावर’ होता का? नवी मुंबईत महापालिकेनं खासगी दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल, अशी नोटीस काढली होती. दवाखाना उघडा ठेवलेले एक डॉक्टर त्या जूनमध्ये कोविडनं गेले. त्यांच्या पत्नीचा दावा नाकारला गेला, कारण सरकारनं त्यांची सेवा कोविड रुग्णांसाठी अधिग्रहित केली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयानंही 2021 मध्ये तेच ग्राह्य धरलं. पोलिसी बडगा दाखवून दवाखाना उघडायला लावायचा आणि नंतर म्हणायचं, तुम्हाला बोलावलं कुणी होतं, हे जरा अजबच. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, त्या काळातले आदेश पाहता डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहितच झाल्या होत्या, असं म्हटलं. तरी प्रत्येक दावा पुराव्यावर तपासायचा आहेच.

तेव्हा कागद. सुई टोचली, तर त्याच दिवशी रजिस्टरमध्ये नोंद आणि त्याच दिवशी रक्ततपासणी. निरोगी असताना ही तपासणी कशाला, असं अनेकांना वाटतं. पण त्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आणि काही महिन्यांनी पॉझिटिव्ह, ही जोडी असली की ‘आजार आधीपासूनच होता’ हे म्हणणं टिकत नाही. एचआयव्हीचा संशय असेल, तर प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. हे औषध आणि संरक्षक साधनं देणं ही 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं आरोग्यसंस्थांवर टाकलेली जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे.

रक्कम किती, तर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. 2020 पासून वेतन हिशेबात जास्तीत जास्त 15,000 रुपये धरलं जाई. चाळिशीचा गुणांक 184.17. म्हणजे तेवढं वेतन असलेला चाळीस वर्षांचा कामगार गेला, तर 13 लाख 81 हजार 275 रुपये. बरा होणाऱ्या आजारात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के. भरपाई महिनाभर थकली, तर 12 टक्के व्याज, आणि कारणाशिवाय टाळाटाळ केली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

ज्यांचं ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड आहे, त्यांची वाट वेगळी. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेली, दहा किंवा अधिक माणसांच्या नर्सिंग होममधली मावशी बहुधा याच गटात मोडते. तिला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. तिचा हक्क ईएसआय महामंडळाकडे. व्यवसायजन्य रोगांची अशीच यादी तिथंही आहे, आणि मृत्यू झाल्यास वारसांना मिळून वेतनाच्या 90 टक्के दरानं निवृत्तिवेतन मिळतं.

1923 च्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, आणि आजाराच्या बाबतीत ती मोजायची ती आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली त्या दिवसापासून. हक्क सोडल्याचा करार लिहून घेतला असला, तरी तो रद्दबातल. माणूस गेल्यावर मालक घरी येतो, पाकीट देतो, कोऱ्या कागदावर सही घेतो, हे प्रकार सर्रास चालतात. मृत्यूची भरपाई मात्र त्या कायद्यानुसार कामगार भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असे. परस्पर वारसांच्या हातात ठेवलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वगळता, भरपाई म्हणून धरलीच जात नसे.