मेंदूची फिल्म काय सांगते

‘डॉक्टरसाहेब, बाबा कापूस घरी येईस्तोवर राहतीन का?’ दारव्ह्याकडच्या एका तरुणाने मला विचारलं होतं. वडिलांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतच उगवणारी अत्यंत आक्रमक गाठ. ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन झालं आणि नव्या एमआरआयवर पुन्हा पांढरं काहीतरी दिसत होतं. आजची माझी सगळी मांडणी त्या पांढऱ्या डागाभोवती आहे.

एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्या सहसा काही बाहेर झिरपू देत नाहीत. जिथे त्या गळक्या होतात, तिथे हे औषध साचतं आणि फिल्मवर पांढरं दिसतं. म्हणजे पांढरं दिसतं ती गळती. भिंतीवर ओल दिसावी तसं. गाठीमुळे गळती होते, तशी रेडिएशनमुळेही होते. म्हणूनच रेडिएशन संपल्यावर पहिल्या १२ आठवड्यांत डाग वाढला, तरी गाठ परतली असं लगेच म्हणायचं नाही, हा नियम २०१० साली जगभरातल्या तज्ज्ञांनी घालून दिला.

उलटी फसगतही होते, आणि ती अधिक क्रूर आहे. बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध गळती झपाट्याने बुजवतं. डाग विरतो, घरात पेढे वाटले जातात. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. परतलेल्या गाठीवर लोमुस्टिन हे केमोथेरपीचं औषध एकटं दिलं, तर आजार मध्यकानुसार दीड महिना थोपला; जोडीला बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर ४.२ महिने. आयुष्य मात्र ८.६ महिन्यांवरून ९.१ वर गेलं, म्हणजे हिशेबात धरावा असा फरक नाही. ओल झाकली, भिंत तशीच राहिली. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले, निम्मे जास्त. ती कुणा एकाची तारीख नव्हे. हे मी प्रत्येक नातेवाइकाला दोनदा सांगतो.

मग फिल्मवरून पुढचं काहीच कळत नाही का? कळतं. गाठ परतली तेव्हा तिचं आकारमान किती होतं, उपचारानंतर ते किती उरलं, तिथला रक्तप्रवाह घटला की वाढला, पेशींची दाटी पाण्याची हालचाल किती अडवते, या गोष्टी आयुष्याच्या लांबीशी जुळतात. साधी फिल्म औषधाच्या फिल्ममधून वजा केली, की ऑपरेशनच्या जागी साकळलेलं रक्त गळून जातं आणि खरी गळती उरते. पण हे सारं तुलनेवर उभं आहे. एकट्या फिल्मला भविष्य विचारू नये.

आणि आपल्याकडे तुलनाच राहून जाते. माणूस दारव्ह्याकडचा, ऑपरेशन नागपूरला, रेडिएशन सेवाग्रामला किंवा सावंगीला, पुढचा सल्ला मुंबईच्या टाटा रुग्णालयात. त्या मुलाने फक्त रिपोर्ट आणला होता. जुनी सीडी घरी कपाटात, साड्यांखाली. मी त्याला परत धाडलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. डाग रेडिएशनच्या पट्ट्यातच होता, रक्तप्रवाह कमी, रेडिएशन संपून नऊ आठवडेच झालेले. उपचार न बदलता थांबायचं ठरलं. दोन महिन्यांनी डाग ओसरला. कापूस आला तेव्हा बाबा घरी होते.

गाठ पुढच्या पावसाळ्यात खरोखर परतली. तेव्हा रक्तप्रवाहाचा नकाशा त्या जागी लाल झाला होता, आणि जुन्या फिल्मशी ताडून पाहिल्यावर शंका उरली नाही. मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हटलं, ‘आता महिन्यांत मोजा, वर्षांत नको. शेताचं, घराचं जे बोलायचं ते बाबांशी आत्ताच बोला.’ ते बोलले.

म्हणून आपल्याला हात जोडून सांगतो. घरात असा रुग्ण असेल, तर प्रत्येक एमआरआयची सीडी मागून घ्या, फिल्म गुंडाळू नका, ओलीत ठेवू नका. पाकिटावर तारीख लिहा, रेडिएशन कधी संपलं ते लिहा, आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी त्या दिवशी किती चालू होती तेही लिहा, कारण त्या गोळीनेही डाग फिका पडतो. पुढच्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्यांत जुनं पाकीट आधी पिशवीत घाला.