अमूर्ताचा आलाप



नाटकासाठी व गाण्यासाठी आपण बंगळूरकर मराठी मंडळी हौसेने पदरमोड करतो; चित्रकलेच्या वाट्यास मात्र दिनदर्शिकेपुरतीच भिंत येते. म्हणून आज आम्ही वासुदेव गायतोंडे यांचे स्मरण करीत आहोत.

ते १९२४ साली नागपुरास जन्मले, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि उत्तरायुष्य दिल्लीत जवळजवळ एकांतात घालवून २००१ मध्ये निवर्तले. त्यांच्या परिपक्व चित्रांत ना माणूस, ना झाड. रूळ आणि सुरी यांनी ते रंगाचे थर चढवीत, खरवडीत; कागदाचे कपटे ओल्या रंगावर दाबून उचलीत. त्या थरांतून, पाण्याच्या तळातून यावा तसा प्रकाश वर येतो. अशी चित्रे वर्षाकाठी मोजकीच पुरी होत.

'हे चित्र कशाचे?' असे आपण विचारतो. गदगकडून पुण्यास आलेल्या भीमसेन जोशींचा आलाप ऐकताना हा प्रश्न आपणांस कधी पडला काय?

२०१३ साली मुंबईच्या लिलावात गायतोंड्यांच्या एका चित्रास तेवीस कोटींहून अधिक रुपये आले, तेव्हा कोठे हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानी पडले. आपल्या कलावंताची ओळख आपणांस किमतीने करून द्यावी, हे भूषणावह नव्हे.

आपल्याच पॅलेस रोडवरील माणिक्यवेलू वाड्यात २००९ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने सभासदांस तेथे न्यावे. एखाद्या अमूर्त चित्रापुढे, अर्थ न विचारता, एका बंदिशीइतका वेळ आपण उभे राहू या, एवढीच आमची विनंती.